रामा रंगाचं पाणी

काचेची नळी खिडकीशी धरली की काका श्वास रोखायचे. खरंच रोखायचे. सकाळचे दहा, पूर्वेची खिडकी, ट्यूबलाइट बंद, पंखाही बंद. पंखा का बंद करायचा ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. नळीत बोटभर टाकीतलं पाणी, त्यात औषधाचे तीन थेंब, बूच लावून दोनदा उलटी करायची, मग मागे कोरा कागद धरून रंग बघायचा. मी रंग सांगेपर्यंत ते माझ्या मागे उभे असायचे. मला त्यांचा श्वास ऐकू यायचा नाही.

"बोला," असं म्हणायचे फक्त.

मी सांगितलं की वहीत आकडा लिहायचे, वही कपाळाला लावायचे आणि मगच पंखा सुरू करायचे.

डोंबिवलीत त्या सोसायटीत मी चार घरची कामं करायचे. तीन घरी भांडी आणि लादी. काकांच्या घरी लादीसुद्धा नव्हती, ती ते स्वतः पुसायचे. मला ठेवलं होतं ते एका माशांच्या टाकीसाठी. चार फुटांची टाकी, तिच्यात अकरा काळ्या मोली आणि एक म्हातारी गोल्डफिश. ही गोल्डफिश नऊ वर्षांची होती, तळहाताएवढी, एका बाजूचे खवले गेलेले. मला ते कायम "तुम्ही" म्हणाले, आणि माझ्यासमोर माशाला म्हणायचे, "काय गं म्हातारे, रुसलीस?"

मला कामावर घेताना त्यांनी माझी परीक्षा घेतली होती. आधी विचारलं, "पूर्वी काय करत होतात?" मी म्हटलं, मॅचिंग सेंटरमध्ये होते सहा वर्षं, ब्लाउजपीस काढून द्यायला. बायका साडीचा काठ दाखवायच्या, मी मागून तुकडा आणून द्यायचे. हे ऐकलं आणि ते ताठ बसले. आत जाऊन हिरव्या-निळ्या चिंध्यांचा ढीग आणला. बहुतेक शिंप्याकडून आणल्या असाव्यात. म्हणाले, "लावा ओळीने. पिवळ्याकडून निळ्याकडे."

मी लावल्या. दोन तुकड्यांशी अडले. ते ट्यूबलाइटखाली सारखे दिसत होते, म्हणून मी दारात जाऊन उजेडात बघितले आणि त्यांची अदलाबदल केली. काकांनी चिंध्यांच्या पाठीवर काही लिहून ठेवलं होतं ते एकेक उलटून वाचलं. मग म्हणाले, "उद्यापासून या." किती देणार, किती वेळ, काही बोलले नाहीत.

औषधाच्या बाटलीबरोबर रंगांचं एक कार्ड होतं. त्यावर सहा चौकोन, खाली आकडे. सात म्हणजे मधोमध. सातच्या खाली पाणी आंबटाकडे जातं, वर गेलं की साबणाकडे. त्यांच्या टाकीतलं पाणी सातच्या जरा वर असायचं आणि त्या माशांना तेच मानवायचं. पण मला त्या कार्डावरचे रंग खोटे वाटायचे, उन्हाने विटलेले. मी पहिल्या दिवशी आकड्याऐवजी बोलून गेले, "रामा आहे."

"काय आहे?"

"रामा. रामा कलर. मोरपंखीच्या अलीकडचा."

मला वाटलं, हसतील. त्यांनी कार्ड खिशात घातलं आणि वहीच्या मागच्या पानावर माझ्याकडून सगळे रंग लिहून घेतले. लिंबू म्हणजे सहा. पोपटी म्हणजे साडेसहाच्या पुढे. हिरवा सात. रामा सात पॉइंट दोन. मोरपंखी त्याच्या वर. त्या दिवसापासून ते मला आकडा विचारत नसत, रंग विचारत.

सोसायटीत त्यांना सगळे टरकून असायचे. शर्टाच्या खिशात त्यांच्याकडे कागदाच्या पट्ट्यांची एक चोपडी असायची. ज्याच्यात त्याच्यात ते पट्टी बुडवायचे आणि रंग बदलला की शेजारच्याला विचारायचे, "काय दिसतंय?" ताक, चहा, सोसायटीची टाकी, माझ्या हातावरचा भांड्यांचा साबण. एकदा तिसऱ्या मजल्यावर सत्यनारायण होता. काकांच्या हातावर तीर्थ पडलं तर त्यांनी ते प्यायच्या आधी त्यात पट्टी बुडवली. सेक्रेटरीच्या बायकोने बघितलं.

"अहो काका, देवाचं तीर्थ आहे ते!"

"हो ना. काय रंग दिसतोय, सांगा बरं."

"मला नाही माहीत. केशरी."

"म्हणजे पाचच्या आसपास. दही चांगलं आहे," असं म्हणून ते तीर्थ भक्तिभावाने प्यायले. पुढच्या पूजेला त्यांना बोलावणं आलं नाही.

आठ महिने मला वाटत होतं की माणूस विक्षिप्त आहे, म्हणून दुसऱ्याला रंग विचारतो. मग एक दिवस त्यांनी धोब्याला दारात धरलं. "शर्ट पिवळे पडलेत सगळे. कसला साबण वापरता?" तो बिचारा शर्ट उलटेपालटे करून बघत राहिला. शर्ट पांढरे शुभ्र होते. त्याने माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. तेव्हा मला कळलं, काकांनाच सगळं पिवळं दिसत होतं, निळा आणि हिरवा नीट ओळखू येत नव्हता. डोळ्यांवर पडदा आला होता आणि ते कोणाला सांगत नव्हते. मीही सांगितलं नाही. पण त्यानंतर नळी धरली की मी रंग दोनदा बघून मगच बोलायला लागले. कारण आता माझ्या मागे दुसरं कोणी बघणारं नव्हतं. मी जे बोलेन तेच वहीत जाणार होतं.

त्यांचं एक म्हणणं मी रोज ऐकलं. "आकड्याच्या मागे धावायचं नाही. थोडा वर, थोडा खाली, मासा सोसतो. एकदम बदललं की मरतो." आणि दुसरं, "दिसतं तेच बोलायचं." हे दुसरं बोलताना आवाज बदलायचा.

ते एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत होते. कंपनीचं घाण पाणी बाहेर सोडायच्या आधी त्याचा आकडा सातवर आणायचा, हे त्यांचं काम. सोसायटीत लोक बोलायचे की काकांनी खोटा आकडा लिहायला नकार दिला म्हणून त्यांना घरी बसवलं. मला ते ऐकून त्यांचा अभिमान वाटायचा आणि धाकही वाटायचा.

अखेर त्यांच्या बहिणीने त्यांना पकडून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. जुलैत एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर दहा दिवस ठाण्यात खोपटला बहिणीकडे राहायचं, पाण्यात हात घालायचा नाही, वाकायचं नाही. जाताना त्यांनी वही बरोबर नेली. मला म्हणाले, "मी रोज अकराला फोन करीन. रंग सांगायचा. मंगळवारी पिंप भरून ठेवायचं, बुधवारी त्यातल्या दोन बादल्या टाकीत बदलायच्या. बाकी काही करायचं नाही."

पहिले तीन दिवस रामा. फोनवर मी "रामा" म्हणायचे, ते बहिणीला "सात दोन, लिही" म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

त्या आठवड्यात नळाला चहासारखं पाणी येत होतं. मंगळवारी मी पिंप भरलं तर बुड दिसेना. हे पाणी माशांना कसं घालायचं? आमच्या चाळीत अशा पाण्यात तुरटी फिरवतात. माझी आई फिरवायची, मी फिरवते. मुलांना तेच पाजलंय. मी घरून तुरटीचा खडा आणला, चांगला मुठीएवढा, आणि फिरवून काढायच्या ऐवजी फडक्यात बांधून रात्रभर पिंपात सोडला. पाणी जास्त, म्हणून तुरटी जास्त. सकाळी पिंपाचं बुड आरशासारखं दिसत होतं. मला किती बरं वाटलं. अकराचा फोन झाल्यावर टाकीतल्या दोन बादल्या काढून पिंपातल्या दोन घातल्या.

गुरुवारी नळी धरली तर लिंबू.

मी नळी धुतली, परत घेतली. लिंबू. थेंब मोजून घातले, परत लिंबू. म्हातारी एका कोपऱ्यात तळाला बसली होती, पंख अंगाशी आवळून. मोली सगळ्या वर, तोंडं पाण्याबाहेर काढून. अकरा वाजले आणि फोन वाजला.

"बोला."

मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, "रामा."

"सात दोन. लिही गं."

फोन ठेवल्यावर मी खाली बसले. मनाशी म्हटलं, औषध खराब झालं असेल. उद्या नीट येईल. नीट आलं की कोणाला काय कळणार.

शुक्रवारी दार उघडलं तर एक मोली तळाशी पडली होती. लिंबू. फोन आला तेव्हा मी टाकीकडे पाठ करून उभी राहिले आणि "रामा" म्हटलं. या वेळी आवाज चांगला निघाला.

मग मी स्वयंपाकघरात गेले. खायच्या सोड्याचा डबा काढला. एवढं मला ठाऊक होतं की सोडा आंबट मारतो, इडलीच्या पिठात तोच घालतात. दोन चमचे सोडा टाकला की पाणी रामा होणार आणि मी खोटी पडणार नाही. चमचा भरून टाकीवर धरला. म्हातारी तळाला तशीच. तिच्या कल्ल्यांची उघडझाप बघत मी उभी राहिले, माझा हात दुखायला लागेपर्यंत. एकदम बदललं की मरतो. मी चमचा परत डब्यात पालथा केला.

फोन केला. बहिणीने उचलला. "अगं, आत्ता त्याच्या डोळ्यात थेंब घातलेत. माशांचं नंतर." त्या ताईंचा आवाज शाळेच्या बाईंसारखा होता, त्या बाईच होत्या रिटायर्ड. मी "बरं" म्हणून ठेवला. मग एक बाटली टाकीत बुडवून तोंडापर्यंत भरली. हवा राहता कामा नये, हे काकांनीच शिकवलं होतं. पदराखाली धरली आणि ठाण्याला गेले. स्टेशनपासून खोपटपर्यंत चालत. एसटी डेपोपाशी दोनदा पत्ता विचारावा लागला.

काका पलंगावर बसले होते. एका डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवलेली. मला बघून उठलेच.

"कोण गेलं?"

"एक मोली. काका, पाणी लिंबू आहे. कालपासून."

"काल तुम्ही रामा म्हणालात."

मी पदराखालची बाटली काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"आजही."

ताईंनी हातातली वाटी खाली ठेवली. काकांनी विचारायला सुरुवात केली, डॉक्टर विचारतात तसं. आवाज चढला नाही, त्यानेच मला जास्त भीती वाटत होती. "सोडा टाकलात?"

"नाही."

"नक्की?"

"हातात घेतला होता. टाकला नाही."

"का?"

"तुम्ही म्हणता ना, एकदम बदलायचं नाही."

"पाणी पिंपातलंच घातलं? गढूळ होतं? मग निवळलं कसं?"

"तुरटी सोडली रात्रभर."

ते पलंगावर परत बसले. ताई म्हणाल्या, "तुरटीत काय एवढं? आपली आईपण फिरवायची."

"फिरवायची. सोडून नाही ठेवायची." मग म्हणाले, "सव्वीस वर्षं मी पोत्यांनी तुरटी ओतली कंपनीत. ती पाणी आंबट करते, म्हणून बरोबर चुना घालायचा, नाहीतर गेलं. हे मला झोपेत ठाऊक आहे. यांना सांगितलं नाही, ती चूक माझी." मी वर बघितलं तशी लगेच म्हणाले, "खोटं बोललात ते मात्र तुमचं."

खिशातली चोपडी काढून त्यांनी पट्टी बुडवली. नळीतल्या औषधाने सहाच्या खालचं काही कळत नाही, सगळंच लिंबू दिसतं. या पट्टीवर खालचंही कळतं. मी हात पुढे केला. त्यांनी पट्टी ताईंकडे दिली.

"तू सांग."

माझा हात तसाच राहिला. ताईंनी चष्मा लावला, खिडकीशी गेल्या. "केशरी म्हणायचं का हे? केशरी-पिवळं."

"साडेपाच असेल," काका म्हणाले आणि चपला शोधायला लागले. "मी जातो."

ताई दारात उभ्या राहिल्या. "काही जायचं नाही. डोळा गेला तर मासे बघणार कशाने?"

"बाजूला हो."

"नाही होत. ओरड काय ओरडायचं ते. डॉक्टर काय म्हणाले? वाकायचं नाही, पाण्याचा थेंब उडता कामा नये. ही करेल."

"ही खोटं बोलली दोन दिवस."

माझ्यासमोर ते पहिल्यांदाच "ही" म्हणाले. ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मग घाल हिला घालवून आणि माशांना सांग थांबा दहा दिवस."

काका बराच वेळ चपलेत एक पाय घालून उभे होते. मग मला म्हणाले, "दुसऱ्या दिवशी सोपं गेलं ना?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. "हो," मी म्हटलं.

"लोक म्हणतात मी खोटा आकडा लिहिला नाही म्हणून मला काढलं. मी नऊ वर्षं लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं त्या रात्री जेवलो नाही. नंतर डबा उघडून जेवताना लिहायचो." त्यांनी चप्पल काढली. "बसा. ऐका आता."

त्यांनी समजावून सांगितलं. माशांची घाण आत्ता त्या पाण्यात आहे. पाणी आंबट आहे तोवर ती मवाळ असते. पाणी एकदम वर आणलं की तीच घाण विष होते. म्हणून नळाचं पाणी बादलीत काढायचं, गढूळ असलं तरी चालेल, क्लोरिन मारायचं औषध घालायचं. त्या बादलीत चिमूटभर सोडा, चमचा नाही. आणि टाकीतला एक तांब्या काढायचा, बादलीतला एक घालायचा, अर्ध्या तासाने परत. दर दोन तांब्यांनी रंग. "पोपटी दिसला की थांबायचं. पुढचं उद्या. घाई केलीत तर म्हातारी जाईल. थांबलात तरी कदाचित जाईल."

ताई म्हणाल्या, "हिने नळीचा फोटो पाठवावा, मी बघून सांगते."

"फोनचा रंग खरा नसतो."

"मग?"

काकांनी ताईंना वही आणायला सांगितली. "काल आणि आज लिहिलंय त्यावर एकच रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे."

मी काकांच्या घरी परत आले ते दुपारी दोनला. बाकीची कामं बुडाली, त्या बायकांचे फोन येत होते. मी घेतले नाहीत. एक तांब्या बाहेर, एक आत. पहिल्या तासात आणखी दोन मोली गेल्या. मी फोन करून सांगितलं, "दोन गेल्या. लिंबूच आहे."

"चालू ठेवा."

चार वाजता सांगितलं, "लिंबूच."

"नक्की? मन राखायला रंग सांगू नका, आणि भीतीने पण नको."

"लिंबूच आहे काका."

पाचला मला वाटलं की जरा हिरवट झाक आली. पण ते मला हवं होतं म्हणून दिसत होतं की खरंच होतं? मॅचिंग सेंटरमध्ये अशा वेळी मी तुकडा खाली ठेवून बाहेर रस्त्याकडे बघायचे आणि मग परत बघायचे. मी गॅलरीत जाऊन आले. परत बघितलं. लिंबूच होतं. तेच सांगितलं. पलीकडून आलं, "ठीक."

सहा वाजून गेल्यावर दिवस मावळायच्या आधी पोपटी झालं. या वेळी दोनदा बाहेर जाऊन आले तरी पोपटीच. मी सांगितलं आणि तांब्या खाली ठेवला. म्हातारी तळालाच होती. पण उजवा पंख जरा सुटला होता.

पुढचे दिवस मी असंच करत गेले, दिवसाला तीन-चार तांबे. एकूण पाच मोली गेल्या. म्हातारी तिसऱ्या दिवशी तळ सोडून वर आली आणि माझ्या बोटाकडे तोंड केलं. मी फोनवर हे सांगितलं तर काका म्हणाले, "रंग सांगा."

ते घरी आले तेव्हा मी दार उघडून बाजूला उभी राहिले. मला वाटलं, आता ते म्हणतील, उद्यापासून नको. त्यांना आता माझी गरजही नव्हती. डोळ्यावरची वाटी निघाली होती. त्यांनी आधी मोली मोजल्या, ओठ हलताना दिसले. मग म्हातारीसमोर बराच वेळ उभे राहिले, पण तिच्याशी बोलले नाहीत. "पंखा बंद करा," म्हणाले.

नळी त्यांनी स्वतः भरली. थेंब स्वतः घातले. खिडकीशी कोरा कागद धरला आणि नवा डोळा झाकून जुन्याने बघितलं. मग जुना झाकून नव्याने. परत जुन्याने. परत नव्याने. कपाळावर आठ्या आल्या. "या डोळ्याला हे पिवळं दिसतंय, याला निळं. एवढं निळं? हे निळं आहे का?" मला विचारत नव्हते, नळीला विचारत होते. मी दाराशीच होते. नव्या डोळ्याने बघून ते म्हणाले, "सात दोनच्याही वर आहे. मोरपंखी म्हणता ना तुम्ही, ते."

ते हसले होते. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. मला वाटलं, हो म्हणावं. त्यांना बरं वाटेल, मलाही सुटल्यासारखं होईल.

"बोला," ते म्हणाले आणि नळी माझ्याकडे धरली.

मी ती घेऊन गॅलरीत गेले, समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीकडे बघितलं, मग नळीकडे.

"मोरपंखी नाही काका. रामा पण नाही. साधा हिरवा आहे. अजून सातच आहे."

त्यांनी परत नवा डोळा लावून बघितलं, पुष्कळ वेळ. श्वास धरलेला. मग नळी कागदावर आडवी ठेवली आणि टेबलावरची वही माझ्याकडे सरकवली. पेन उघडून दिलं.

"लिहा तुम्ही."

मी चौथी शिकलेली. माझं अक्षर मोठं आणि वाकडं येतं, त्यांच्या बारीक आकड्यांच्या खाली ते कसं दिसेल याची मला लाज वाटत होती. मी तारीख लिहिली. पुढे सात लिहिलं.